सहभागी अर्थव्यवस्था
एखाद्या वस्तूची मालकी न घेता, मोबदला देऊन वा परस्पर सहकार्याने तिचा गरजेपुरता उपयोग करण्याची आर्थिक व्यवस्था. इंग्रजीत तिला ‘शेअरिंग इकॉनॉमी’ म्हणतात. मोटार, घरातील रिकामी खोली, अवजारे इ. गोष्टी बराच काळ वापराविना पडून असतात. त्या इतरांना उपलब्ध करून देणे, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय.

परिचितांमधील अशी देवघेव जुनीच आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या सावडीत बैलांची व श्रमांची परतफेड त्याच रूपात होते आणि गावातील ओळख हीच तिची हमी असते. शहरी जीवनात अशी हमी नसल्याने तेथे निराळे प्रयोग झाले. झुरिक येथे १९४८ मध्ये सहकारी तत्त्वावर मोटारींचा सामायिक वापर सुरू झाला. ॲम्स्टरडॅममध्ये १९६५ साली ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या गटाने पांढऱ्या सायकली सर्वांच्या वापरासाठी रस्त्यावर ठेवल्या. तथापि त्यांना कुलूप नाही, या कारणावरून पोलिसांनी त्या जप्त केल्या.

अपरिचितांमधील विश्वासाचा प्रश्न पुढे इंटरनेटमुळे बऱ्याच अंशी सुटला. १९९५ मध्ये निघालेल्या ईबे या लिलाव-संकेतस्थळाने ग्राहक व विक्रेते यांनी एकमेकांविषयी दिलेले अभिप्राय जाहीर करण्याची पद्धत रूढ केली. स्मार्टफोनमुळे जवळचे वाहन तत्काळ शोधता येऊ लागले. सॅन फ्रॅन्सिस्को येथे निवासासाठी एअरबीएनबी (२००८) व प्रवासासाठी उबर (सेवारंभ २०१०) आणि मुंबईत ओला (२०१०) या कंपन्या उदयास आल्या. या कंपन्या मुख्यतः इतरांच्या मालकीची घरे वा वाहने ग्राहकांशी जोडून देतात व व्यवहारावर दलाली घेतात.

याचा बाजारपेठेवर खोल परिणाम झाला. मागणीनुसार दर क्षणोक्षणी बदलू लागले आणि परवान्यांवर आधारलेली जुनी मक्तेदारी ढासळली. न्यूयॉर्कमधील टॅक्सी-परवान्याची किंमत २०१४ च्या सुमारास १० लाख डॉलरांवर होती. २०१८ पर्यंत ती २ लाखांच्या खाली आली. परवान्यासाठी कर्ज काढलेले अनेक चालक त्यामुळे कर्जबाजारी झाले.

ग्राहकाला सोय व निवड लाभली, तरी मूळ कल्पना मात्र पालटली. पडून असलेली मोटार वापरात आणण्याऐवजी भाड्यासाठीच कर्जाने मोटारी घेतल्या जाऊ लागल्या. पर्यटकांना देण्यासाठी राहती घरे रिकामी ठेवली जाऊ लागली. वस्तूंच्या सहभागापेक्षा श्रमांची विक्री प्रमुख ठरली आणि इंधन, दुरुस्ती, आजारपण यांचा भार श्रमिकावर पडला. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये उबर ही वाहतूक सेवाच असल्याचा निर्णय दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिच्या चालकांना कामगारांचे हक्क मान्य केले. न्यूयॉर्क शहराने अल्पकालीन निवासावर २०२३ पासून कडक निर्बंध अंमलात आणले. भारतात सामाजिक सुरक्षा संहितेने (२०२०) अशा श्रमिकांची व्याख्या करून त्यांच्या कल्याणनिधीत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के भर घालावी, अशी तरतूद केली. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली.

सावडीत लाभ आणि जोखीम दोन्ही वाटून घेतली जात. नव्या व्यवस्थेत उपयोगाची वाटणी झाली. जोखमीच्या वाटणीचे काम कायद्याकडे आले आहे.