खडकातले चुंबकत्व: जन्मखूण की नंतरचा ठसा?

गाळाच्या खडकात एकदा गोठलेले चुंबकत्व त्या खडकाच्या जन्माइतकेच जुने असते, म्हणून ते मोजले की खडकाचे वय आणि ठिकाण दोन्ही हाती येतात, असे आपल्याकडे व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. हे मत मला मान्य नाही.

आधी पूर्वपक्षाचे बळ मान्य करू. लाव्हाचा थर झटपट थिजतो, त्यामुळे त्यात एका क्षणाचेच चुंबकक्षेत्र सापडते. तळ्याच्या तळाशी मात्र लोहखनिजाचे बारीक कण वर्षानुवर्षे उत्तर-दक्षिण वळत बसत राहतात आणि क्षेत्राची सरासरी आपोआप मिळते. अशा सरासरी क्षेत्राचा कल अक्षांशावर ठरतो: आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे 20.5 अंश उत्तरेला, आज चुंबकीय सुईचा अपेक्षित कल 37 अंशांच्या जवळपास येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातला, म्हणजे थिजलेल्या लाव्हातला, कल मात्र ही भूमी त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, 25 ते 30 अंशांच्या आसपास होती असे सांगतो. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 साली हे मोजले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सहकाऱ्यांनी ते काम वाढवले. भारत उत्तरेकडे सरकला, याचा इतका थेट पुरावा त्या काळी दुसरा नव्हता.

पण या कलावरून फक्त अक्षांश निघतो, रेखांश नाही. वयाचे म्हणाल, तर चुंबकत्व सुलटे की उलटे एवढेच कळते आणि पृथ्वीचे ध्रुव शेकडो वेळा उलटले आहेत. कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दख्खनच्या जाड थराचा मोठा भाग एकाच उलट्या कालखंडातला असल्याचे दाखवले. तो कालखंड 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा ठरला, तो आर्गॉनच्या मोजणीची आणि जीवाश्मांची साक्ष जोडल्यावर. एकट्या चुंबकाने तारीख दिली नाही.

मुख्य आक्षेप याहून खोल आहे. गाळ वरच्या भाराने दबतो, कण आडवे होतात आणि कल खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यातून अक्षांश चुकतो. पाणी मुरून नवे हेमॅटाइट तयार झाले, तर ते आपल्या काळाची दिशा घेते, खडकाच्या जन्माची नव्हे. आणि उष्णता तर सगळेच पुसू शकते: मॅग्नेटाइटची स्मृती 580 अंश सेल्सिअसला संपते, आणि त्याहून कमी तापातही ती अंशतः बदलते.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. नेरकडे काळा पाषाण, तर वणीकडे गोंडवनी कोळशाचे थर आणि पैनगंगा चुनखडक. हे पूर्वेचे खडक लाव्हाहून कितीतरी जुने, पण त्या उद्रेकाच्या शेजाराला राहिलेले. त्यांच्यात दख्खनकालीन दिशा सापडली, तर ती त्यांची जन्मखूण समजणे ही सरळ चूक ठरेल.

खरी कसोटी विहिरीच्या कडेला दिसू शकते. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी लाल मातीचा, कधी जुन्या तळ्यातल्या गाळाचा पट्टा असतो. वरचा लाव्हा हजार अंशांहून जास्त तापलेला आला, तेव्हा पट्ट्याची वरची कड भाजली. त्या कडेची दिशा लाव्हासारखी आणि खाली न भाजलेल्या भागाची वेगळी निघाली, तर खालची दिशा लाव्हाच्या आधीची हे सिद्ध होते. सगळीकडे एकच दिशा निघाली, तर निर्णय राखून ठेवावा. घड्या पडलेल्या थरांसाठी ग्रॅहम यांनी 1949 मध्ये अशीच घडीची कसोटी दिली. कसोटी न लावता दिलेले वय मी वय मानत नाही.

म्हणून नेर तालुक्यात विहीर खणणाऱ्यांना विनंती आहे. असा पट्टा लागला, तर तुकडा काढण्याआधी त्याची वरची बाजू, उतार आणि उत्तर दिशा खडूने त्यावरच लिहा. दिशा होकायंत्रावरून नको, सूर्यावरून घ्या, कारण काळा पाषाण सुईला फिरवतो. खूण नसलेल्या तुकड्यावरून जुनी दिशा काढता येत नाही.