प्रार्थनापुस्तकांतील चित्रें

प्रार्थनापुस्तकांत खुणेसाठीं ठेवलेलीं संतांचीं लहान चित्रें आपल्या बहुतेक घरांत आढळतात. तीं भक्तीस साहाय्य करितात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या काळीं तीं छापलीं गेलीं त्या काळच्या समाजाविषयींहि तीं साक्ष देतात, हें आम्ही येथें थोडक्यांत दाखवूं इच्छितों.

जर्मनीतील बुक्सहाइम मठाच्या एका हस्तलिखिताच्या बांधणींत संत ख्रिस्तोफर ह्यांचें, इ. स. १४२३ ही मिति असलेलें, लाकडी ठशाचें चित्र सांपडलें. तें आज मँचेस्टर येथें आहे. ह्या संताचें मुख ज्या दिवशीं दृष्टीस पडेल त्या दिवशीं दुर्मरण येणार नाहीं, अशा अर्थाच्या दोन ओळी त्याखालीं आहेत. १३४७ पासून महामारीनें युरोपांत कोट्यवधि माणसें मेलीं व तिच्या सांथी पुढेंहि वारंवार आल्या. पापांगीकारास अवधि न मिळतां मरण येण्याचें भय त्या ओळींत उमटलें आहे.

सतराव्या शतकांत अँटवर्प येथें ताम्रपटावरून चित्रें छापीत, आणि मठवासिनी चाकूनें कातरून त्यांस जाळीदार कडा करीत. असें श्रमाचें चित्र थोड्यांच्याच हातीं जाई. पुढें यंत्रें जाळी कापूं लागलीं, १८३७ सालीं एंगेलमान ह्यांनीं फ्रान्समध्यें रंगीत शिळाछापाचा हक्क मिळविला, आणि मजुराच्या मुलासहि रंगीत चित्र मिळूं लागलें.

ह्या स्वस्त चित्रांत नाझरेथचें घर पुष्कळदां दिसतें: योसेफ सुतारकाम करीत आहे, मरिया सूत कांतीत आहे, बाळ येशू जवळ आहे. तेव्हांचीं घरें अशींच होतीं, असें मात्र कोणी समजूं नये. गिरण्यांनीं बापास, आईस व अनेक ठिकाणीं लेंकरांसहि घराबाहेर ओढलें होतें. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालीं 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकांत मजुरांची बाजू मांडली, व १८९२ सालीं पवित्र कुटुंबाचा भक्तिसंघ स्थापिला. जें घरांतून जात होतें, त्याचीच ओढ चित्रांत उतरली.

बव्हेरियांत मृतांच्या स्मरणार्थ चित्रें वांटीत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांतील चित्रांवर गणवेशांतील तरुणाचा फोटो, वय व तो पडला तें ठिकाण आढळतें. सेनापतींचीं चरित्रें पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या मुलाचें छापील चरित्र बहुधा एवढेंच.

म्हणून जीर्ण प्रार्थनापुस्तक टाकतांना आंतील चित्रें टाकूं नयेत, अशी आमची विनंति आहे. मागील बाजू अवश्य पाहावी. ती कोरी असल्यास, तें चित्र कोणी, कोणास व केव्हां दिलें, हें घरांतील वृद्धांस विचारून पेन्सिलीनें लिहून ठेवावें. त्यांच्यामागें हें सांगणारें कोणी उरणार नाहीं.