गुण जास्त, तरी रौप्य

तुमच्यापैकी कोणी ड्रेस्डेनला शिकायला किंवा नोकरीला असेल, तर ऑपेरा आणि एल्बेचा काठ पाहून झाला असेलच. याच शहरात १९५५ साली जन्मलेल्या यान हॉफमानचं नाव मात्र बहुधा कानावर आलं नसेल. फिगर स्केटिंगमध्ये रौप्यवाल्यांना कोण लक्षात ठेवतो म्हणा!

१९६८च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये तो पूर्व जर्मनीकडून उतरला, तेव्हा होता फक्त १२ वर्षांचा. नंबर आला २६वा. पुढे जवळच्याच कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये, म्हणजे आजच्या केमनिट्झमध्ये, युटा म्युलर या कडक शिस्तीच्या प्रशिक्षक बाईंच्या हाताखाली तो घडला आणि १९७४ साली विश्वविजेता झाला. आता ऑलिंपिक सुवर्ण दोनच वर्षांवर, असं वाटत असताना गुडघ्याने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, अख्खा १९७५चा हंगाम बुडाला. उडी मारून दर वेळी एकाच पायावर उतरायचं, त्या खेळात गुडघा जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १९७६ला इन्सब्रुकमध्ये तो चौथा आला. पदक अगदी एका पायरीने हुकलं.

इथे बरेच जण थांबले असते. हा थांबला नाही, पुढची सलग तीन वर्षं युरोपचा विजेता ठरला.

आणि मग १९८०, लेक प्लॅसिड. त्या काळी स्पर्धेत 'सक्तीच्या आकृत्या' नावाचा भाग असायचा. बर्फावर स्केटच्या पात्याने वर्तुळं आणि आठचे आकडे कोरायचे, पुन्हा त्याच रेषेवरून जायचं. परीक्षक वाकून वाकून रेषा तपासायचे. बघायला भयंकर कंटाळवाणा प्रकार, पण हॉफमान त्यात पहिला आला. संगीतावरच्या सादरीकरणात मात्र ब्रिटनचा रॉबिन कझिन्स सरस ठरला. शेवटी एकूण गुणांची बेरीज झाली, तर हॉफमानचे गुण किंचित जास्त! तरी सुवर्ण कझिन्सला. कारण निकाल गुणांच्या बेरजेवर नव्हे, तर प्रत्येक परीक्षकाने कोणाला कितवा क्रमांक दिला यावर लागायचा, आणि नऊपैकी सहा जणांनी कझिन्सला वर ठेवलं होतं. आपल्याकडे निवडणुकीत एखाद्या पक्षाला मतं जास्त मिळतात आणि जागा कमी, तसंच हे. मला तरी हा निकाल अन्यायाचा वाटत नाही. नियम सगळ्यांना आधीच ठाऊक होता. पण चौथ्या ऑलिंपिकमध्ये असं हरणं पचवायला जड गेलंच असणार.

पुढच्याच महिन्यात डॉर्टमुंडला विश्वस्पर्धा होती. तिथे त्याने कझिन्सला हरवलं, दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला आणि चोविसाव्या वर्षी निवृत्त झाला.

पुढे तो वैद्यकशास्त्र शिकला, डॉक्टर झाला. तेही हाडांचा! स्वतःचा गुडघा उघडून घेतलेला माणूस आता इतरांचे गुडघे तपासू लागला. शिवाय आंतरराष्ट्रीय परीक्षकही झाला. १९९४च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये ओक्साना बायुल आणि नॅन्सी केरिगन यांच्या गाजलेल्या लढतीत नऊ परीक्षकांतला एक तोच होता. निर्णायक फेरीत त्याने दोघींना अगदी समसमान गुण दिले. बरोबरी झाली की कलात्मक सादरीकरणाचे गुण पाहायचे, असा नियम होता, आणि तिथे त्याच्या कागदावर बायुल वर होती. पाच विरुद्ध चार अशा फरकाने सुवर्ण तिला मिळालं. त्याने केरिगनला वर ठेवलं असतं, तर हाच आकडा उलटा झाला असता.