राईच्या कुंडीतील जरबेरा

आज लग्नमंडपांत सर्रास दिसणारा जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. तेथील बार्बर्टन या सोन्याच्या खाणींच्या प्रदेशातून रॉबर्ट जेमसन यांनी जमवलेल्या या रानफुलाचे वर्णन जोसेफ हूकर यांनी १८८९ साली प्रसिद्ध केले आणि त्यानंतर केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात आर. आयर्विन लिंच यांनी केलेल्या संकरांतून त्याच्या आजच्या रंगवैविध्याचा पाया घातला गेला. महाराष्ट्रात तो रुजला तो प्रामुख्याने पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांतील हरितगृहांत, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनाखालील नियंत्रित शेतीत, जेथे तांबडी माती, शेणखत आणि भाताचे तूस यांचे उंच गादीवाफे केले जातात.

भाईंदर-उत्तन रस्त्यावरील राई गावाची परिस्थिती याहून अगदी निराळी आहे. खाडी, मिठागरे आणि खारट दमट हवा यांच्या सान्निध्यात असलेल्या या गावी जरबेऱ्याला जमिनीपेक्षा कुंडीच अधिक मानवते, कारण हे झाड क्षारांना फार संवेदनशील असून त्याला साधारण ५.५ ते ६.५ सामू, म्हणजे किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची माती लागते. लागवडीतील सर्वांत निर्णायक बाब म्हणजे पाने जेथून फुटतात तो गाभा मातीच्या वर ठेवणे. तो गाडला गेल्यास कोकणच्या पावसाळ्यात बुरशीने कुजतो, म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांपासून दूर, परंतु उजेडात ठेवावी लागते. फुलाचा दांडा कापण्याऐवजी बुंध्याशी हलकेच पिळून ओढून काढतात, कारण मागे राहिलेले खुंट सडतात.