जीएसएलव्ही-डी५ : गळतीमुळे थांबलेले उड्डाण आणि त्याची दुसरी तयारी

आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथील सतीश धवन अवकाश केंद्रातून १९ ऑगस्ट २०१३ रोजी दुपारी ४ वाजून ५० मिनिटांनी जीएसएलव्ही-डी५ हा प्रक्षेपक जीसॅट-१४ या दळणवळण उपग्रहासह उड्डाण करणार होता. २९ तासांची उलटगणती आदल्या दिवसापासून सुरळीत चालू होती. नियोजित वेळेला १ तास १४ मिनिटे उरलेली असताना प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्यातून इंधनाची गळती होत असल्याचे आढळून आले. उलटगणती थांबविण्यात आली आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे (इस्रो) तत्कालीन अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांनी उड्डाण रद्द झाल्याचे जाहीर केले. हाच प्रक्षेपक पुढे १३९ दिवसांनी, ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वीरीत्या झेपावला. अर्थात ‘हाच’ हा शब्द थोडा जपूनच वापरावा लागतो, कारण मधल्या काळात त्याचा बराचसा भाग नव्याने उभा करावा लागला होता.

उड्डाण पुढे ढकलणे ही अवकाश कार्यक्रमात नवलाची गोष्ट नाही. या उड्डाणाकडे मात्र साऱ्या देशाचे लक्ष लागण्यास वेगळे कारण होते. जीएसएलव्ही हा त्या वेळी भारताकडे असलेला सर्वात शक्तिमान प्रक्षेपक होता आणि २०१० या एकाच वर्षात त्याची दोन उड्डाणे अपयशी ठरली होती. १५ एप्रिल २०१० रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा प्रथमच उड्डाणात वापरण्यात आला. मात्र द्रवरूप हायड्रोजन पुरविणारा पूरक पंप काही क्षणांतच बंद पडला आणि जीसॅट-४ उपग्रह नष्ट झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला रशियन बनावटीचा क्रायोजेनिक टप्पा लावून केलेल्या उड्डाणात प्रक्षेपकातील विद्युत जोडण्या निसटल्या. एका मिनिटाच्या आत त्याच्यावरील नियंत्रण सुटले आणि तो आकाशातच नष्ट करावा लागला. त्यात जीसॅट-५पी हा उपग्रहही गेला. इस्रोच्या वर्तुळात या प्रक्षेपकाला ‘खोडकर मुलगा’ म्हटले जाऊ लागले. त्यानंतर जवळजवळ पावणेतीन वर्षे त्याचे एकही उड्डाण झाले नव्हते.

क्रायोजेनिक तंत्रज्ञानाचा प्रश्न

या प्रक्षेपकाचे वैशिष्ट्य त्याच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते आणि त्याला द्रव इंधनाचे चार पूरक टप्पे जोडलेले असतात. दुसरा टप्पाही द्रव इंधनाचा असतो. तिसऱ्या, क्रायोजेनिक टप्प्यात उणे १८३ अंश सेल्सियस तापमानाचा द्रवरूप प्राणवायू आणि उणे २५३ अंश तापमानाचा द्रवरूप हायड्रोजन वापरला जातो. वजनाच्या मानाने या जोडीपासून मिळणारी ऊर्जा इतर इंधनांपेक्षा पुष्कळ अधिक असते. उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या वाटेवर नेण्यासाठी लागणाऱ्या वेगापैकी जवळपास निम्मा वेग हा एकटा टप्पा देतो. मात्र इतक्या शीत तापमानाला धातू आकुंचन पावतात, सील कडक होतात, बेअरिंगमधली फट बदलते आणि अशा अवस्थेत पंपाला मिनिटाला हजारो फेरे घ्यावे लागतात.

हे तंत्रज्ञान मिळविण्यासाठी भारताने १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी करार केला होता. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसाराचे कारण पुढे करून अमेरिकेने मे १९९२ मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. पुढच्याच वर्षी रशियाने तंत्रज्ञान हस्तांतरणातून माघार घेतली आणि भारताच्या पदरी केवळ तयार टप्पे आले. क्रायोजेनिक इंधनाचा वापर क्षेपणास्त्रासाठी सोयीचा नाही, कारण ते भरून ठेवता येत नाही, हा युक्तिवाद भारतीय शास्त्रज्ञांनी तेव्हाही केला होता आणि तो चुकीचा नव्हता. १९९४ मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचा प्रकल्प सुरू झाला. तेव्हापासून मोजले तर जीएसएलव्ही-डी५ ची तयारी जवळपास वीस वर्षांची होती.

२०१० च्या अपयशानंतर तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे या इंजिनाच्या चाचण्या नव्याने घेण्यात आल्या. बंद पडलेल्या पंपाच्या रचनेत, अतिशीत तापमानाला बेअरिंग व आवरण यांचे होणारे आकुंचन-प्रसरण लक्षात घेऊन बदल करण्यात आले. इंजिन प्रज्वलित होण्याचा क्रम सुधारण्यात आला. अतिउंचीवरील विरळ वातावरणासारखी स्थिती निर्माण करून तेथे इंजिन पेटते की नाही याची खात्री करण्यात आली. क्रायोजेनिक इंजिनाभोवतीच्या संरक्षक आवरणाची रचना बदलली आणि प्रक्षेपकावरील वायुगतिक भाराचा अभ्यास पुन्हा झाला. एवढे सारे करून उभा केलेला प्रक्षेपक ऑगस्ट २०१३ मध्ये थांबला तो मात्र वर्षानुवर्षे निर्धोक मानल्या गेलेल्या दुसऱ्या टप्प्यामुळे. क्रायोजेनिक इंजिनापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

गळती कोठे झाली?

दुसऱ्या टप्प्यातील विकास इंजिनात यूएच-२५ हे इंधन आणि त्याच्या ज्वलनास प्राणवायू पुरविणारा नायट्रोजन टेट्रॉक्साइड अशी दोन द्रवे वापरली जातात. ही दोन्ही द्रवे विषारी आहेत. शिवाय ती एकमेकांच्या संपर्कात येताच ठिणगीशिवाय पेट घेतात. इंजिनाच्या दृष्टीने हा गुण आहे, कारण प्रज्वलनाची वेगळी यंत्रणा लागत नाही; प्रक्षेपण तळावर गळती झाली तर मात्र हाच गुण सर्वात मोठा धोका ठरतो. उड्डाणापूर्वी टाक्यांमध्ये वायूचा दाब वाढविण्याची क्रिया चालू असताना ही गळती उघड झाली. काठोकाठ भरलेला, चारशे टनांहून अधिक वजनाचा प्रक्षेपक आणि त्यातून ठिबकणारे विषारी इंधन, अशा स्थितीत उड्डाण रद्द करण्याचा निर्णय घेणे फारसे अवघड नसावे. अवघड होते ते त्यापुढचे काम.

भरलेला प्रक्षेपक रिकामा करणे हे तो भरण्यापेक्षा अधिक जिकिरीचे असते. प्रत्येक टप्प्यातील द्रव काढून घ्यावे लागते, नळ्या व टाक्या निष्क्रिय वायूने स्वच्छ कराव्या लागतात आणि हे सर्व गळती झालेल्या परिसरात विशेष पोशाख घालून सावधपणे करावे लागते. श्रीहरिकोटा येथील दुसऱ्या प्रक्षेपण तळाची रचना या वेळी कामी आली. या तळासाठी प्रक्षेपक सुमारे एक किलोमीटरवरील जुळणी इमारतीत उभा केला जातो आणि फिरत्या चौथऱ्यासह रुळांवरून तळावर आणला जातो. त्यामुळे रिकामा केलेला जीएसएलव्ही-डी५ त्याच मार्गाने उभाच्या उभा जुळणी इमारतीत परत नेता आला.

गळतीच्या चौकशीसाठी श्रीहरिकोटा केंद्राचे माजी संचालक के. नारायण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोष इंधनाच्या टाकीतच होता. ही टाकी अ‍ॅफनॉर ७०२० या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची होती. हा मिश्रधातू मजबूत आहे, वेल्डिंगलाही सोयीचा आहे; पण सततचा ताण आणि भोवतालची आर्द्रता यांच्या एकत्रित परिणामाने त्यात कालांतराने सूक्ष्म तडे जाण्याचा संभव असतो. अभियंते त्याला ताणजन्य गंज म्हणतात. असा तडा बाहेरून दिसत नाही, टाकीतील दाब वाढला की मात्र तो उघडा पडतो. झिरपणारी एखादी जोडणी असती तर ती बदलून काही दिवसांत उड्डाण करता आले असते. येथे धातूच बदलणे भाग होते. दुसऱ्या टप्प्याची टाकी यापुढे एए २२१९ या दुसऱ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची करावयाची, असा निर्णय झाला.

पुन्हा जुळणी

नव्या मिश्रधातूच्या टाकीसह दुसरा टप्पा नव्याने तयार करण्यात आला. पहिल्या टप्प्याभोवतीचे द्रव इंधनाचे चारही पूरक टप्पे बदलून त्यांच्या जागी नवे बसविण्यात आले. त्यांतही विकास इंजिनेच वापरली जातात आणि या इंजिनांच्या निर्मितीत मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेज समूहाच्या कारखान्याचा दीर्घकाळ सहभाग आहे. क्रायोजेनिक टप्पा सुस्थितीत होता. मात्र ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्याची तपासणी पुन्हा होणे ओघानेच आले.

ही कामे चालू असताना श्रीहरिकोटा केंद्रावर दुसरीही मोठी तयारी चालू होती. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पहिल्या प्रक्षेपण तळावरून पीएसएलव्ही-सी२५ द्वारे मंगळयान पाठविण्यात आले. हे यान पीएसएलव्हीसारख्या लहान प्रक्षेपकाने पाठवावे लागले याचे एक कारण जीएसएलव्ही भरवशाचा राहिला नव्हता हेच होते. मंगळयानाला त्यामुळे पृथ्वीभोवती टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवीत जावे लागले. इकडे ३० ऑगस्ट २०१३ रोजी, म्हणजे जीएसएलव्ही-डी५ थांबल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, भारताचा जीसॅट-७ हा उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ प्रक्षेपकाने अवकाशात गेला. त्याआधी महिनाभर इन्सॅट-३डी तेथूनच गेला होता. देशातील अवजड उपग्रहांसाठी परकीय प्रक्षेपकाचे भाडे मोजणे हा जीएसएलव्हीच्या प्रत्येक विलंबाचा ठरलेला परिणाम होता.

डिसेंबरच्या अखेरीस प्रक्षेपक पुन्हा तळावर आणण्यात आला. ४९ मीटर उंचीच्या या प्रक्षेपकाचे वजन सुमारे ४१५ टन होते. ४ जानेवारी २०१४ रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी पुन्हा २९ तासांची उलटगणती सुरू झाली. टाक्यांचा दाब वाढविण्याचा क्षण या वेळी निर्विघ्न पार पडला आणि ५ जानेवारीला दुपारी ४ वाजून १८ मिनिटांनी प्रक्षेपकाने उड्डाण केले. पहिले दोन टप्पे आपले काम करून सुमारे पाच मिनिटांत गळून पडले. त्यानंतर नियंत्रण कक्षातील सर्वांचे डोळे एकाच आलेखावर खिळले होते. क्रायोजेनिक इंजिन पेटले आणि ठरल्याप्रमाणे सुमारे १२ मिनिटे चालू राहिले. उड्डाणानंतर १७ मिनिटे ५ सेकंदांनी १,९८२ किलो वजनाचा जीसॅट-१४ प्रक्षेपकापासून वेगळा झाला. पृथ्वीपासून किमान १८० किलोमीटर व कमाल ३५,९७५ किलोमीटर अंतराची कक्षा अपेक्षित होती. प्रत्यक्षात १७९ व ३५,९५० किलोमीटर अंतराची कक्षा मिळाली. अमेरिका, रशिया, फ्रान्स, जपान व चीन यांच्यानंतर क्रायोजेनिक टप्पा यशस्वीरीत्या उडविणारा भारत सहावा देश ठरला. उपग्रह पुढे ७४ अंश पूर्व रेखांशावरील भूस्थिर स्थानी नेण्यात आला. या मोहिमेचे संचालक असलेले डॉ. के. सिवन २०१८ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झाले.

इतर दोन विलंब

जीएसएलव्हीच्या पहिल्याच मोहिमेतही असा प्रसंग आला होता आणि तो अधिक नाट्यमय होता. या प्रक्षेपकात द्रव इंधनाचे चार पूरक टप्पे मधल्या घन इंधनाच्या टप्प्याआधी सुमारे पाच सेकंद पेटतात. घन इंधन एकदा पेटले की विझविता येत नाही. म्हणून आधी द्रव इंजिनांचा जोर पुरेसा आहे की नाही हे संगणक पाहतो. २८ मार्च २००१ रोजी चारपैकी एका इंजिनाचा जोर पुरेसा वाढला नाही. उड्डाणाला एक सेकंद उरला असताना संगणकाने सर्व इंजिने बंद केली. आगीच्या लोळात उभा राहिलेला प्रक्षेपक वाचला, सदोष टप्पा बदलण्यात आला आणि २१ दिवसांनी, १८ एप्रिलला त्याने उड्डाण केले.

१५ जुलै २०१९ रोजी पहाटे चांद्रयान-२ घेऊन निघालेल्या जीएसएलव्ही मार्क-३ या त्याहून मोठ्या, ६४० टन वजनाच्या प्रक्षेपकाची उलटगणती ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असताना थांबविण्यात आली. तांत्रिक दोष तळावरच दूर करता येण्याजोगा होता. त्यामुळे २२ जुलैलाच उड्डाण झाले. चंद्रावर उतरण्याची तारीख मात्र तेथील सूर्योदयाशी बांधलेली असल्याने ती बदलली नाही. गमावलेला आठवडा चंद्राभोवतीच्या फेऱ्या कमी करून भरून काढण्यात आला.

जीएसएलव्हीने २०१४ नंतर २०१८ अखेरपर्यंत स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह आणखी पाच उड्डाणे यशस्वी केली. १२ ऑगस्ट २०२१ रोजी मात्र ईओएस-०३ या उपग्रहाचे प्रक्षेपण फसले. उलटगणतीत काहीही आढळले नव्हते. पहिले दोन टप्पे व्यवस्थित चालले, पण क्रायोजेनिक इंजिन पेटले नाही. दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेचे सील खराब झाल्याने हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब राहिला नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. दुरुस्त्यांनंतर प्रक्षेपकाने पुढचे उड्डाण २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या दिशादर्शक उपग्रहासह केले आणि ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांचा संयुक्त निसार उपग्रह याच प्रक्षेपकाने कक्षेत नेला.