आरागोनच्या नायब राण्या

पिरिनीज पर्वताच्या दक्षिण उतारावरील आरागोनचे डोंगरी राज्य आणि भूमध्य समुद्राच्या व्यापारावर सधन झालेली बार्सिलोनाची काउंटशाही या दोन दौलती ११३७ साली एका वाङ्‌निश्चयाने एकत्र आल्या, आणि ज्या राजकन्येचा तो वाङ्‌निश्चय होता ती पेत्रोनिला त्या वेळी पुरती दोन वर्षांचीही नव्हती. यथाकाल काउंट रामोन बेरेंगेर चौथा याच्याशी तिचा विवाह झाला, तिला पुत्र झाला आणि ११६४ साली तिने राज्य त्या पुत्राच्या स्वाधीन केले. परंतु त्याच्याही आधी, ११५२ साली, गर्भवती असताना तिने जे मृत्युपत्र करून ठेवले त्यात अशी तरतूद होती की, होणारे अपत्य पुत्र असेल तरच राज्य त्याला मिळावे; कन्या झाल्यास ते पतीकडे जावे. स्वतः कन्या असून ज्या राणीने वारसा भोगला तिनेच आपल्यामागून येणाऱ्या कन्यांची वाट अडवून ठेवली, आणि पुढील साडेतीनशे वर्षांत आरागोनच्या सिंहासनावर कोणतीही स्त्री आपल्या हक्काने बसू शकली नाही.

पण जे राज्य लेकींना नाकारले गेले त्याचा कारभार मात्र सुनांच्या हाती वारंवार येत राहिला, आणि तोही दयेने किंवा दाक्षिण्याने नव्हे, तर निकडीने आला. आरागोनची राजसत्ता हे एकजिनसी राज्य नव्हतेच. आरागोन, कॅटालोनिया, १२३८ साली मुसलमानांकडून जिंकलेले व्हॅलेन्सिया, मायोर्का, पुढे सिसिली, सार्डिनिया आणि अखेरीस नेपल्स अशा निरनिराळ्या मुलखांची ती मोट होती. मुख्य भूमीवरील तिन्ही मुलखांचे कायदे वेगळे, रिवाज वेगळे आणि धर्मगुरू, सरदार व नगरे यांच्या प्रतिनिधींची ‘कोर्तेस’ नामक सभाही ज्याची त्याची वेगळी. कोर्तेसच्या संमतीवाचून राजाला जादा पैसा मिळत नसे, आणि सभा भरवायची तर राजा किंवा त्याचा पूर्ण मुखत्यार समोर हजर असावा लागे. राजा तर बहुधा समुद्रापलीकडे मोहिमेवर गुंतलेला. अशा वेळी नायब नेमायचा कोणाला? भावाला नेमले तर तोच उद्या प्रतिस्पर्धी होऊन उभा राहायचा, आणि एखाद्या सरदाराला नेमले तर बाकीचे सरदार त्याच्या हुकमात वागायला राजी नसत. पत्नी दरबारातली, राजाशी धर्मविधीने बांधलेली, आणि सिंहासनावर स्वतःचा कोणताही हक्क नसलेली. जो कायदा तिला राज्य देत नव्हता त्यानेच तिला नायबगिरीला सर्वांत निर्धोक ठरविले, असे मला तरी हा इतिहास वाचताना स्पष्ट दिसते.

या प्रथेची पहिली ठळक खूण सिसिलीत सापडते. तिसऱ्या पेरेची राणी कोन्स्तान्सा ही त्या बेटाचा राजा मानफ्रेड याची कन्या. १२६६ साली बेनेव्हेन्तोच्या रणांगणावर बाप पडला आणि राज्य आंजूच्या फ्रेंच घराण्याकडे गेले. १२८२ साली पालेर्मोच्या लोकांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला तेव्हा पेरेने पत्नीच्या वारशाच्या आधारावरच सिसिली घेतली, आणि दुसऱ्या वर्षी स्वदेशी परतताना बेटाचा कारभार तिच्यावर व मुलांवर सोपवून तो गेला. पुढे चौथ्या पेरेची तिसरी पत्नी एलिओनोर हिनेही कास्तिलशी चाललेल्या दीर्घ युद्धात पतीच्या वतीने कारभार सांभाळला. याच चौथ्या पेरेने १३४७ साली, पुत्र नसल्यामुळे, आपली कन्या कोन्स्तान्सा हिला वारस ठरविण्याचा प्रयत्न केला होता. त्याचा परिणाम म्हणून सरदार व नगरे यांनी एकजूट करून बंड उभारले आणि राजाला ते शस्त्राने मोडावे लागले. राणीचा हुकूम निमूटपणे मानणारे लोक राजकन्येचा नुसता वारसाही सहन करीत नसत.

सर्वच राण्यांना अधिकार मिळाला असे मात्र नाही. दुसऱ्या जाउमेची चौथी राणी एलिसेन्दा दे मोन्कादा हिने बार्सिलोनाजवळ पेद्रालबेस येथे क्लारा पंथीय जोगिणींचा मठ स्थापिला आणि १३२७ साली वैधव्य आल्यानंतर सदतीस वर्षे त्याच्याच आश्रयाने काढली. तिचे थडगे चर्च आणि मठाचे अंगण यांच्यामधील भिंतीत असे बसविले आहे की, चर्चच्या बाजूने पाहणाऱ्याला मुकुट व राजवस्त्रे ल्यालेली राणी दिसावी आणि अंगणाच्या बाजूने पाहणाऱ्या जोगिणींना साध्या वेषातील व्रतस्थ विधवा दिसावी. तिची निवृत्ती निदान स्वेच्छेची होती. चौथ्या पेरेची शेवटची पत्नी सिबिला दे फोर्तिया हिच्या नशिबी तेवढेही नव्हते. ही लहानशा घराण्यातली स्त्री. १३८१ साली सारागोसा येथे तिला राज्याभिषेक झाला, पण सावत्र पुत्र जुआन याच्याशी तिचे हाडवैर होते. राजा अखेरच्या दुखण्यात असतानाच जिवाच्या भयाने ती पळाली, पकडली गेली, तिच्यावर जादूटोण्याचा आरोप आला, आणि तिची मालमत्ता जप्त होऊन नव्या राणीच्या पदरात पडली.

ती नवी राणी म्हणजे व्हियोलान्त दे बार. तिचा पती जुआन १३९६ साली शिकारीला गेला असता अकस्मात मरण पावला. पुत्र कोणी नाही, राजाचा धाकटा भाऊ मार्तिन सिसिलीत बंडे मोडण्यात अडकलेला, आणि पहिल्या विवाहाची कन्या जुआना ही फ्वाच्या काउंटला दिलेली. त्या जावयाने पत्नीच्या नावाने राज्यावर हक्क सांगितला. व्हियोलान्तने आपण गर्भवती असल्याचे जाहीर केले. मार्तिनची पत्नी मारिया दे लुना त्या वेळी बार्सिलोनात होती. तिने पतीची वाट पाहत वेळ दवडला नाही. नगराच्या पंचांना व सरदारांना बोलावून पतीच्या नावाने राज्य ताब्यात घेतले, व्हियोलान्तच्या गर्भाची शहानिशा व्हावी म्हणून तिच्यावर स्त्रियांची नजर ठेवली, आणि काउंट पिरिनीज ओलांडून आरागोनात शिरला तेव्हा फौज व पैसा उभा करून त्याला माघारी परतविले. मार्तिन १३९७ साली परतला तेव्हा राज्य त्याच्यासाठी शाबूत होते. एका कन्येचा हक्क मोडून ते त्याला मिळवून दिले ते एका सुनेने.

मारिया दे लुनाचे दुसरे कार्य मला याहून थोर वाटते. जुन्या कॅटालोनियातील ‘रेमेन्सा’ कुणबी जमिनीला जखडलेले असत. धन्याला खंडणी भरल्यावाचून त्यांना गाव सोडता येत नसे, आणि कुणबी निपुत्रिक मेला तर त्याच्या चीजवस्तूचा हिस्सा धनी उचलून नेई. लोक या हक्कांना उघड उघड ‘दुष्ट रिवाज’च म्हणत. चर्चच्या जमिनींवरील या जुलमाचा परिहार व्हावा म्हणून तिने आपलाच आप्त असलेल्या पोप तेराव्या बेनेडिक्टकडे दाद मागितली. यश आले नाही; १४०६ साली ती वारली. पण राजसत्ता कुणब्यांच्या बाजूने बोलू शकते हे एकदा जगापुढे आले ते आलेच.

मार्तिन निर्वंश मरण पावल्यावर १४१२ साली कास्पे येथील पंचांनी राज्य कास्तिलच्या त्रास्तामारा शाखेला दिले, आणि त्या घराण्याच्या पाचव्या आल्फोन्सोची पत्नी म्हणून कास्तिलची राजकन्या मारिया इकडे आली. दोघे सख्खी चुलत भावंडे. १४१५ साली व्हॅलेन्सियात त्यांचा विवाह झाला तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. तिची प्रकृती नाजूक होती, तिला अपत्य झाले नाही, आणि पतीचे मन तिच्यात कधी रमले नाही. १४२० साली तो इटलीच्या मोहिमेवर निघाला तेव्हा नायबगिरीची सनद तिच्या नावे झाली. तीन वर्षांनी तो परतला. १४३२ साली पुन्हा गेला तो मरेपर्यंत आलाच नाही. १४४२ साली नेपल्स जिंकून त्याने तेथेच दरबार थाटला, विद्वान व कलावंत पदरी ठेवले आणि ‘उदारधी’ ही पदवी मिळविली. त्या औदार्याला लागणारा पैसा कॅटालोनियाच्या कोर्तेसमधून वसूल करणे हे राणीचे काम होते.

ते किती अवघड होते याची कल्पना एका प्रसंगावरून येईल. १४३५ साली पोन्झा बेटाजवळच्या आरमारी लढाईत जिनोवेकरांनी आल्फोन्सोला त्याच्या भावांसह कैद केले. मारियाने तिन्ही मुलखांची कोर्तेस मोन्सोन येथे बोलावली आणि राजाच्या सुटकेसाठी पैसा मागितला. पण राजाची मुक्तता मिलानच्या ड्यूकने परस्पर केली, आणि सुटलेला राजा स्वदेशी न येता पुन्हा नेपल्सच्याच मागे लागला. राजा परत यावा ही कोर्तेसची मागणी वर्षानुवर्षे राणीपुढे येत राहिली, राणी ती नेपल्सला कळवीत राहिली, आणि उत्तरादाखल पैशाची मागणी येत राहिली. या दुहेरी ओढीत तिने सभा मोडू दिली नाही, की पतीचा शब्दही खाली पडू दिला नाही. तिच्या आज्ञापत्रांच्या वह्या दुसऱ्या जाउमेने १३१८ साली बार्सिलोनात स्थापिलेल्या राजदफ्तरात आजही आहेत, आणि सनदा, न्यायनिवाडे, नेमणुका यांनी त्या भरलेल्या आहेत.

तिचे धैर्य केवळ कागदावरचे नव्हते. १४२९ साली तिचा पती आणि कास्तिलचा राजा असलेला तिचा भाऊ यांची सैन्ये कोगोल्युदो येथे समोरासमोर उभी राहिली तेव्हा तिने दौडत जाऊन दोन्ही फौजांच्या मधोमध आपला तंबू ठोकला आणि ती लढाई होऊ दिली नाही. १४४८ साली रेमेन्सा कुणब्यांना एकत्र जमून मुक्ततेसाठी वर्गणी गोळा करण्याची परवानगी मिळाली. हुकूम नेपल्सचा होता, पण सरदारांचा संताप झेलून तो अमलात आणण्याचा भार तिच्या कारभारावर पडला. ते दुष्ट रिवाज अखेर पुढे आरागोनचा राजा झालेल्या फेर्नान्दोच्या ग्वादालूपेच्या निवाड्याने १४८६ साली संपले.

१४५३ साली तिने नायबगिरी सोडली आणि पती व माहेर यांच्यात तह घडविण्यासाठी ती कास्तिलला गेली. आल्फोन्सो २७ जून १४५८ रोजी नेपल्समध्ये मरण पावला. त्याच वर्षी सप्टेंबरात, व्हॅलेन्सियात, तीही गेली, आणि तेथे तिनेच स्थापिलेल्या त्रिनिदादच्या मठात तिचे दफन झाले. दोन्ही वेळा मिळून सुमारे चोवीस वर्षे तिने कॅटालोनियाचा कारभार पाहिला. आरागोनच्या अनेक राजांना एवढा काळ राज्य करणे साधले नाही. राजावळीत त्या वर्षांपुढे आल्फोन्सोचे एकट्याचे नाव लिहिले जाते. मारियाचे नाव त्याच्या शेजारी, राजकर्ती म्हणून, लिहिले पाहिजे.