राजखेकड्याचे पाय

खेकड्याचे बारीक पाय पानात वाढावयाचे नसतात, अशी आम्हां कोकणाकडील मंडळींची समजूत. चिंबोरी म्हणा वा कुर्ली म्हणा, तिचे मोठे डेंगे तेवढे मानाने रश्श्यात पडतात. बारीक पाय पाट्यावर ठेचावयाचे, पाण्यात कालवून फडक्यातून गाळावयाचे आणि त्या पाण्याने कालवणाला चव आणावयाची, एवढाच त्यांचा उपयोग. दिल्लीस, भोपाळास किंवा जयपुरास बदली होऊन गेलेल्या आमच्या वाचकांस ही समजूत अधिकच जिव्हाळ्याची वाटेल. कारण ज्या गावी ताजी चिंबोरी मिळत नाही, त्या गावी तिच्याविषयीची मते फार पक्की होतात.

ही समजूत मनात बाळगूनच आम्ही अमेरिकेत बाल्टिमोर शहराच्या एका उपनगरात पुतण्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने घरामागच्या हिरवळीवर तीन पायांची, घुमटासारख्या झाकणाची एक शेगडी पेटविली आणि घरातून एक परात आणली. परातीत खेकड्याचे नुसते पाय होते. तांबूस, काटेरी आणि आमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरतील एवढे लांब. धड नाही, पाठ नाही, नुसते पाय! आदल्या रात्री ते बर्फातून काढून शीतकपाटात सैल होण्यास ठेवले होते. त्याने प्रत्येक पायाचे कवच कात्रीने उभे चिरले, वितळलेल्या लोण्यात लसूण, लिंबाचा रस आणि एका पिवळ्या डब्यातला तांबडा मसाला मिसळून ते चिरेत भरले, आणि पाय निखाऱ्यावर मांडून झाकण लावले. पाच-सहा मिनिटांत तो ते काढू लागला, तेव्हा आम्ही वडीलकीच्या नात्याने म्हणालो, "अरे, कच्चे राहतील."

"काका, हे शिजवलेलेच येतात," तो म्हणाला. "मी फक्त गरम करतो. जास्त ठेवले तर चामट होतात."

शिजवलेलेच येतात! मग ते शिजविले कोणी, कोठे, आणि बाकीचा खेकडा गेला कोठे? चव उत्तम होती, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. परंतु हे प्रश्न आम्हांस सोडीनात, आणि परत आल्यावर त्या पायांचा माग काढण्यात आमचे कित्येक दिवस गेले.

शेगडीची कथा थोडक्यात सांगता येते. शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करीत. नौकांना खूण दाखविणारे धातूचे पोकळ बोये तेथे तयार होत. उघड्या चुलाण्यावर वाऱ्यापावसाने मांस बिघडते म्हणून त्यांनी १९५२ साली तसल्या गोलाचे दोन भाग केले. खालच्यात निखारे ठेवले आणि वरच्याचे झाकण केले. निखाऱ्यासाठी कोळशाच्या वड्या त्याआधीच बाजारात आल्या होत्या. हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी लाकूड कापताना जो चुरा उरे, त्याचा उपयोग म्हणून १९२०नंतरच्या काळात त्या निघाल्या. युद्धानंतर शहराबाहेर घरे वाढली, प्रत्येक घरामागे हिरवळीचा तुकडा आला, आणि त्यावर ही शेगडी.

मसाल्याची कथा मात्र इतक्या लवकर आटोपता येत नाही. गुस्ताव ब्रुन हे जर्मनीतील ज्यू व्यापारी, वेर्टहाइम गावचे. मांसाचे सॉसेज करणाऱ्या खाटकांना ते मसाले पुरवीत. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडण्यात आली, तेव्हा त्यांना पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकण्यात आले. घरच्यांनी पैसा ओतून त्यांची सुटका करविली, आणि ते कुटुंबासह बाल्टिमोरला आले. येताना त्यांनी मसाला दळण्याचे एक लहान यंत्र बरोबर घेतले होते. बदलीच्या वेळी काय न्यावे आणि काय विकावे याच्या याद्या करण्यात आमच्या वाचकांचे आयुष्य गेले आहे. देश कायमचा सोडून जाणाऱ्या माणसाने आपल्या यादीत हे यंत्र ठेवले, याचे मोल त्यांना समजावून सांगावयास नको.

१९३९ साली ब्रुन यांनी बाल्टिमोरच्या घाऊक मासळीबाजारासमोर दुकान थाटले. तेथील खाडीतले निळसर खेकडे वाफवून विकणारे लोक त्यांच्याकडे मिरी, मीठ, मोहरी घेण्यास येत आणि प्रत्येक जण आपापले मिश्रण करी. ते पाहून ब्रुन यांनी स्वतःचे एक मिश्रण सिद्ध केले. सेलरीचे मीठ, काळी मिरी, तांबडी मिरची आणि त्यामागे गरम मसाल्याची एक मंद साथ. बाल्टिमोरहून खाडीतून जाणाऱ्या आगबोटींच्या मार्गाला लोक 'ओल्ड बे लाइन' म्हणत. त्यावरून मसाल्याचे नाव 'ओल्ड बे' पडले. १९९०मध्ये तो एका मोठ्या मसाला कंपनीकडे गेला, आगबोटी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाल्या, पण डब्यावर नाव टिकून आहे. तो डबा हुंगताना मलबारच्या मिरीची ओळख आम्हांस तत्काळ पटली. परमुलखात ओळखीचे कोणी भेटावे, तसे झाले.

आता पाय. हे पाय बाल्टिमोरच्या खाडीतले नव्हेत. ज्याला इंग्रजीत 'किंग क्रॅब' म्हणतात आणि आम्ही राजखेकडा म्हणू, त्याचे ते पाय. उत्तर पॅसिफिकच्या थंडगार पाण्यात, कामचाटकापासून अलास्कापर्यंत त्याचे मूळ घर. शास्त्रीय नावातही कामचाटका आहे. खरे पाहता तो आमच्या चिंबोरीचा सख्खा नातेवाईक नव्हे. शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या कुळाशी त्याचे जवळचे नाते आहे. चालण्याच्या पायांच्या तीनच जोड्या बाहेर दिसतात, चौथी इवलीशी जोडी कवचाखाली दडलेली असते. आमच्या चिंबोरीचे मागले पाय वल्ह्यासारखे चपटे असतात व त्यांच्या बळावर ती पोहते. मोठ्या राजखेकड्याला पोहणे नाही. तो समुद्राच्या तळावरून चालतो आणि चालतच राहतो. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे दोन राष्ट्रांचे वकील त्यावरूनच भांडणार आहेत.

खेकडा मेला की त्याचे मांस फार लवकर नासते. म्हणून तो जिवंत असतानाच किनाऱ्यावर आणावा लागतो, नाहीतर समुद्रावरच शिजवावा लागतो. जपान्यांनी दुसरा मार्ग शोधला. १९२०नंतर त्यांनी जहाजावरच कारखाना मांडला, खेकडा तेथेच शिजविला आणि मांस डब्यात बंद केले. १९३०मध्ये हे कारखाने बेरिंग समुद्राच्या अमेरिकेकडील भागातही पोहोचले. त्या जहाजांवरच्या मजुरांचे हाल कोबायाशी ताकिजी यांनी १९२९च्या 'कानिकोसेन' या कादंबरीत मांडले. चार वर्षांनी, १९३३मध्ये, ते पोलिसांच्या ताब्यात मारले गेले. खेकड्याचा डबा उघडून खाणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

युद्धाने जपानी जहाजे तेथून हटली, आणि लोवेल वेकफील्ड हे अलास्कातील हेरिंग मासळीचे व्यावसायिक पुढे आले. डबा नको, बर्फ हवा, ही त्यांची कल्पना. १९४७ साली त्यांचे 'डीप सी' हे जहाज बेरिंग समुद्रात निघाले. खेकडा धरावा, तेथेच शिजवावा, तेथेच गोठवावा. धडात मांस थोडे, म्हणून पाठ टाकून द्यावी आणि खांद्यासकट पायांचे दोन जुडगे ठेवावे, अशी या धंद्याची रीत पुढे पडली. आमच्या पुतण्याच्या परातीत नुसते पाय का होते, त्याचे उत्तर हे. पहिली काही वर्षे वेकफील्ड कर्जात बुडण्याच्या बेतात होते. परंतु घरोघरी शीतकपाटे आली आणि धंदा उभा राहिला.

तेवढ्यात जपानी परत आले, रशियनही आले, आणि प्रश्न उपस्थित झाला की हा खेकडा कोणाचा? मोकळ्या समुद्रातला मासा धरील त्याचा, हा जुना दंडक. पण १९५८ साली जिनिव्हा येथे खंड-मंचाविषयी, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरत गेलेल्या उथळ भूमीविषयी, एक करार झाला. त्या भूमीवरची संपत्ती किनाऱ्याच्या राष्ट्राची, असे त्यात ठरले; आणि संपत्तीत असे प्राणीही धरले, जे पकडण्याजोग्या वयात अचल असतात किंवा तळाचा सतत स्पर्श ठेवल्यावाचून हलू शकत नाहीत. झाले! अमेरिका म्हणाली की राजखेकडा चालतो, त्याचे पाय तळाला लागलेले असतात, तेव्हा तो भूमीचाच भाग आणि म्हणून आमचा. जपान म्हणाला की तो मोकळ्या समुद्रातला जलचर आहे, आणि शिवाय त्या करारावर आमची सही नाही.

सरकारी नोकरीत टिपणे लिहिण्यात ज्यांचे केस पिकले, त्यांना पुढला भाग वाचून गंमत वाटेल. अमेरिकेने १९६४ साली कायदा केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जपानशी समझोता झाला. त्यात दोन्ही पक्षांचे म्हणणे कागदावर जसेच्या तसे शाबूत राहिले. खेकडा चालतो की कसे, यावर कोणीही माघार घेतली नाही. जपानने फक्त आपल्या वाट्याला मर्यादा मान्य केली. १९६५मध्ये रशियानेही आपल्या वाट्याला मर्यादा मान्य केली. पुढे १९७६ साली अमेरिकेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला अधिकार लावला. आपल्या संसदेनेही त्याच वर्षी २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा कायदा केला, हे वाचकांस आठवत असेलच. अशा रीतीने राजखेकडा आपल्या पायांमुळे एका राष्ट्राच्या मालकीचा ठरला. परके गेले, नियम आले. माद्या सोडून द्याव्या, ठराविक मापाहून लहान नर सोडून द्यावे, कात टाकण्याच्या काळात पिंजरे टाकू नयेत. नियम चांगले होते. ते मोडले गेले म्हणून पुढला अनर्थ झाला, असे म्हणण्याचीही सोय नाही.

१९८० साली ब्रिस्टल उपसागरात सुमारे १३ कोटी पौंड, म्हणजे जवळजवळ ५९ हजार टन राजखेकडा निघाला. एवढा पूर्वी कधीच निघाला नव्हता. दुसऱ्या वर्षी साडेतीन कोटींहूनही कमी. तिसऱ्या वर्षी तीस लाख. १९८३ साली हंगामच बंद ठेवावा लागला. ब्रिस्टल उपसागर पुढे काही वर्षे उघडला, काही वर्षे मिटला; पण ज्या कोडियाक बेटाच्या परिसरात या धंद्याचा पाळणा हलला, तेथली राजखेकड्याची मासेमारी १९८३पासून जी बंद झाली, ती आजतागायत उघडलेली नाही. कोणी म्हणतात फार उपसला, कोणी म्हणतात पाणी ऊबदार झाले, कोणी कॉड माशांना दोष देतात. आम्हांस वाटते, सर्वांत मोठे पीक आले ते वर्षच सर्वांत फसवे होते. आलेख चढता असताना 'आता थांबा' असा शेरा मारणारा अधिकारी कोणत्याही खात्यात विरळाच, आणि मारलाच तर तो मानला जाणे त्याहून विरळ.

उरलेल्या खेकड्यांसाठी मग शर्यत लागली. हंगाम काही दिवसांचा, जो अधिक धरील त्याचे अधिक. त्यामुळे वादळ असो वा डेकवर बर्फाचे थर साचोत, नौका बाहेर पडत. बर्फाच्या भाराने कलंडलेल्या नौकांतून कित्येक माणसे गेली. २००५ साली प्रत्येकाचा हिस्सा आधीच नेमून देण्यात आला, तेव्हा ती घाई संपली आणि मृत्यूही पुष्कळ कमी झाले. पण समुद्राचे दुखणे तसेच राहिले. २०१८ व २०१९ साली बेरिंग समुद्राचे पाणी विलक्षण तापले आणि लांब पायांच्या दुसऱ्या एका जातीचे, हिमखेकड्याचे, एक हजार कोटींहून अधिक जीव नाहीसे झाले. ऊबदार पाण्यात भूक वाढली, अन्न पुरले नाही, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. २०२२मध्ये त्याचा हंगाम प्रथमच रद्द झाला. ब्रिस्टलचा राजखेकडाही २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षे बंद होता.

मग आमच्या पुतण्याने आणलेले पाय कोठले? परत येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही रिकामे खोके कचऱ्यातून काढून पाहिले. त्यावर नॉर्वे असे लिहिले होते. १९६०नंतरच्या दशकात रशियन शास्त्रज्ञांनी राजखेकडे पूर्वेकडून नेऊन मूर्मान्स्कजवळच्या समुद्रात सोडले होते. ते तेथे रुजले, वाढले, आणि कोणाचीही परवानगी न घेता तळावरून चालत चालत नॉर्वेच्या हद्दीत शिरले. २०२२मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे अमेरिकेने रशियन मासळीवर बंदी घातली. पण सीमा ओलांडून गेलेला खेकडा नॉर्वेचा झाला होता, त्याला ती बंदी लागू नव्हती.

त्या संध्याकाळी पानात पायांची टोके उरली. त्यांत मांस नसते, म्हणून पुतण्याची मुले ती टाकावयास निघाली होती. आमच्या सौभाग्यवतींनी ती मागून घेतली. पाटा नव्हता, तेव्हा मिक्सरात पाण्याबरोबर फिरवून दोनदा गाळली, कोकम आणि ओले खोबरे घालून दुसऱ्या दिवशी कालवण केले. 'ओल्ड बे'चा लालसर वास त्यात थोडा राहिला होता. पुतण्याने तीन वेळा भात घेतला.